उभा असलेला बसेल केव्हा? करिंथच्या सभेचे प्रकरण

ख्रिस्ती मंडळीच्या सभेत सगळ्यांनी भाग घ्यायचा की एकाने चालवायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, हा वाद निघाला की दोन्ही बाजू बायबलातल्या एकाच पानाशी येऊन थांबतात: करिंथकरांस पहिले पत्र, म्हणजे प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिलेले पत्र, त्याचा अध्याय १४. मोकळ्या सभेचे पुरस्कर्ते २६ वे वचन काढतात. तुम्ही एकत्र जमता तेव्हा प्रत्येकाजवळ काही ना काही असते, कोणाजवळ स्तोत्र, कोणाजवळ शिकवण. शिस्तीचे पुरस्कर्ते ४० वे काढतात. सगळे काही नीट, व्यवस्थेने होऊ द्या. मधल्या तेरा वचनांवरून मात्र दोघेही घाईने पुढे सरकतात, आणि खरे प्रकरण तर तिथेच आहे.

म्हणून इथे तो अध्याय प्रवचनासाठी न घेता प्रकरण म्हणून घेतला आहे. सभा कुठे भरत होती, बिघडले काय, तक्रार कशी पोचली, उपाय काय सुचवला, त्यात काय सुटले आणि पुढे काय झाले, एवढेच पाहायचे. एक अडचण आधीच सांगतो. आपल्या हाती एकाच बाजूचे कागद आहेत. करिंथकरांनी पौलाला लिहिलेले पत्र टिकलेले नाही, त्यामुळे त्यांची बाजू आपल्याला पौलाच्या उत्तरांतूनच चाचपावी लागते.

गाव आणि घर

करिंथ हे जुन्या नावाचे नवे शहर होते. इ.स.पू. १४६ मध्ये रोमन सेनापती मुम्मियसने ग्रीक करिंथ उद्ध्वस्त केले. त्यानंतर शंभर वर्षे त्या जागेची रया गेलेलीच होती. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने तिथे रोमन वसाहत बसवली, आणि वसवायला आणलेल्यांत दास्यमुक्त झालेले लोक पुष्कळ होते. दोन बाजूंना दोन बंदरे, लेखायन आणि किंख्रिया. दर दोन वर्षांनी जवळच इस्थमियन खेळ भरत. पिढीजात खानदानापेक्षा स्वतःच्या हिमतीवर वर आलेल्यांचे हे गाव. अशा गावात चारचौघांत उठून बोलता येणे ही पत वाढवणारी गोष्ट असते. हे मी तर्काने म्हणतो, पण पत्रातले पहिले चार अध्याय वक्तृत्व आणि शहाणपण यांच्या मिजाशीवरच खर्ची पडले आहेत, तेव्हा तर्क फार लांबचा नसावा.

पौल इथे साधारण इ.स. ५० मध्ये आला. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायाप्रमाणे तो दीड वर्ष राहिला आणि अक्विल्ला-प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू शिवण्याचे काम करत होता. त्याला ज्याच्यापुढे उभे केले तो सुभेदार गल्लियो. डेल्फी इथे सापडलेल्या शिलालेखात त्याचे नाव आहे आणि त्यावरून त्याचा कार्यकाळ इ.स. ५१-५२ च्या आसपासचा ठरतो. पौलाच्या चरित्रातली ही सर्वांत भक्कम तारीख. पहिले पत्र त्याने नंतर इफिसहून लिहिले. बहुतेक अभ्यासक ते ५३ ते ५५ या काळात धरतात.

सभा घरांत भरत. गायस नावाच्या माणसाला पौल सगळ्या मंडळीचा यजमान म्हणतो, म्हणजे एरवी वेगवेगळ्या घरांत जमणारे लोक कधीतरी त्याच्याकडे एकत्र येत असणार. रोमन पद्धतीच्या ऐपतदार घरात जेवणाचे दालन असे. तीन बाजूंना पलंगवजा बैठका, त्यांवर आडवे होऊन साधारण नऊ जण जेवत. बाकीच्यांनी बाहेरच्या चौकात बसायचे. जेरोम मर्फी-ओकॉनर या अभ्यासकाने उत्खनित घरांच्या मापांवरून अंदाज केला की अशा घरात तीस-चाळीस, फार दाटीवाटी केली तर पन्नास माणसे मावतील. काहींना हा अंदाज पटत नाही. त्यांच्या मते गरीब सभासद दुकानांच्या वरच्या खोल्यांत जमत असतील. काही असो, हजारांची सभा आपल्या डोळ्यांपुढे नको. एकमेकांना नावाने ओळखणारी, पण आत नऊ आणि बाहेर तीस अशी विभागलेली सभा डोळ्यांपुढे हवी.

तक्रार कशी पोचली

बातमी तीन वाटांनी गेली. ख्लोवे नावाच्या बाईच्या घरच्या माणसांनी तोंडी सांगितले की मंडळीत तट पडले आहेत. मंडळीने स्वतः पत्र लिहून काही प्रश्न विचारले. आणि स्तेफन, फर्तूनात व अखायिक हे तिघे प्रत्यक्ष इफिसला जाऊन पौलाला भेटले.

आत्मिक दानांचा, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेल्या क्षमतांचा, विषय पौल ज्या ढंगाने सुरू करतो, त्याच ढंगाने तो पत्रातल्या प्रश्नांची उत्तरे सुरू करतो. म्हणजे अन्य भाषांत, आत्म्याच्या प्रेरणेने पण ऐकणाऱ्याला न समजणाऱ्या शब्दांत, बोलण्याबद्दल करिंथकरांनी बहुधा आपणहून विचारले होते. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ एकत्र घ्यायच्या जेवणाच्या, गोंधळाबद्दल मात्र पौल 'माझ्या कानावर आले आहे' असे म्हणतो. हा फरक मला फार बोलका वाटतो. कोणाचे दान मोठे, याची त्यांना चिंता होती. कोण उपाशी राहिले, हे कळवावेसे कोणाला वाटले नव्हते. पत्र ज्यांनी लिहिले ते आतल्या नऊ जणांपैकी असावेत, असा संशय घेतला तर तो गैर ठरू नये.

बिघडले काय

दोन गोष्टी बिघडल्या होत्या. आपण त्या दोन वेगवेगळ्या प्रवचनांत ऐकतो म्हणून त्यांची सांगड बसत नाही.

पहिली जेवणाची. जो तो आपापले जेवण आधीच उरकतो, एक उपाशी राहतो तर दुसरा पिऊन तर्र होतो, असे ११ व्या अध्यायात आहे. ज्यांच्या हाती स्वतःचा वेळ होता ते लवकर येत. मजूर आणि दास धन्याचे काम संपल्यावर येत. तोवर ताटे रिकामी. पौलाचा उपाय एका ओळीचा आहे: जेवायला जमता तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

दुसरी बोलण्याची. अन्य भाषांत बोलणारे एकाच वेळी बोलत आणि अर्थ सांगणारा कोणी नसे. पौल म्हणतो, सगळी मंडळी जमली आणि सगळेच अन्य भाषांत बोलू लागले, अशा वेळी बाहेरचा कोणी आत आला तर तुम्हाला वेडे म्हणेल. हे वाक्य 'जर' ने सुरू होते. तेव्हा करिंथमध्ये दर आठवड्याला अक्षरशः असेच होत होते असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण 'एकामागून एक बोला' हा नियम ज्या अर्थी लिहावा लागला, त्या अर्थी लोक एकदम बोलत होतेच.

दोन्हींचे मूळ एकच. ज्याच्याजवळ आहे तो थांबत नाही. जेवण असो की दान, आधी ज्याच्या हाती पडले त्याने ते संपवून टाकले. म्हणूनच १२ व्या अध्यायात शरीराचे अवयव आणि १३ व्यात प्रीती येते. विवाहात वाचून वाचून १३ वा अध्याय आपण इतका गोड करून ठेवला आहे की तो सभेच्या भांडणाच्या मधोमध लिहिला गेला, हेच लक्षात राहत नाही.

उपाय

आता ती तेरा वचने.

अन्य भाषेत बोलायचे असेल तर दोघांनी, फार तर तिघांनी, तेही एकामागून एक, आणि कोणीतरी अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर त्याने सभेत गप्प राहावे, स्वतःशी आणि देवाशी बोलावे. यात एक गोष्ट सहज निसटते. अर्थ सांगणारा आहे की नाही हे तोंड उघडण्याआधी पाहावे लागते. म्हणजे ज्याला बोलायचे त्याने आधी खोलीत नजर फिरवायची, समोर कोण बसले आहे त्याचा विचार करायचा, मग तोंड उघडायचे. चाळीस ओळखीच्या माणसांत हे शक्य आहे.

संदेश देणाऱ्यांसाठी, म्हणजे देवाकडून आलेला शब्द समजेल अशा भाषेत सांगणाऱ्यांसाठी: दोघांनी किंवा तिघांनी बोलावे आणि इतरांनी पारख करावी. इथे अभ्यासकांत एक जुना वाद आहे. सबंध सभेत दोन-तीनच, की दोन-तीन झाले की थांबून पारख आणि मग पुढचे? दोनच वचनांनंतर पौल म्हणतो की तुम्ही सगळे एकेक करून संदेश देऊ शकता, सगळे शिकावेत आणि सगळ्यांना धीर मिळावा म्हणून. तेव्हा दुसरा अर्थ मला जास्त पटतो. दोन-तीन ऐका, जरा थांबा, ऐकलेले तोलून पाहा, मग पुढे चला. हा आकडा सभा आवळण्यासाठी घातलेला नाही. ऐकणाऱ्याला दम खाता यावा म्हणून घातला आहे.

आणि मग ३० वे वचन, ज्यासाठी हे सगळे प्रकरण मी उघडले. बसलेल्या दुसऱ्या कोणाला काही प्रकट झाले, तर पहिल्याने गप्प राहावे.

हे जरा जवळून पाहू. बोलणारा उभा आहे, हे उघड आहे, कारण दुसऱ्याला 'बसलेला' म्हटले आहे. समजा गायसच्या घरी दालन आणि चौक यांच्या मधल्या दारात एक जण उभा राहून बोलतो आहे, आत-बाहेर दोन्हीकडे ऐकू जावे म्हणून. त्याचे बोलणे रंगात आले आहे. चौकात खाली बसलेल्या एकीची किंवा एकाची चुळबुळ होते, काहीतरी सांगायचे आहे असे दिसते. आता थांबायचे कोणी? आपली सगळी शिस्त सांगते की बसलेल्याने थांबावे, चालू असलेले पुरे होऊ द्यावे, मधे तोंड घालू नये. पौल नेमके उलटे सांगतो. उभ्याने थांबावे.

हे किती वेगळे आहे ते त्या काळच्या दुसऱ्या मंडळ्यांच्या नियमांशेजारी ठेवले की दिसते. मृत समुद्राजवळ कुम्रान इथे गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांत तिथल्या यहुदी समाजाची नियमावली आहे. तिथे बसण्याची जागा दर्जाप्रमाणे ठरलेली: आधी याजक, मग वडील, मग बाकीचे. दुसऱ्याचे बोलणे संपण्याआधी कोणी बोलायचे नाही, वरच्या दर्जाच्या माणसाच्या आधी बोलायचे नाही. मधे बोलला तर दहा दिवसांची शिक्षा. सभेत झोपला तर तीस दिवसांची. (झोप मधे बोलण्याच्या तिप्पट महाग, हे वाचून आजच्या बऱ्याच सभासदांना घाम फुटेल.)

दुसरा नमुना अथेन्सचा. बाख्खस या मद्याच्या देवाच्या भक्तांच्या एका मंडळाचे नियम दगडावर कोरलेले मिळाले आहेत. शिलालेख दुसऱ्या शतकातला, म्हणजे पौलाच्या शंभरेक वर्षे नंतरचा, पण अशा मंडळांची रीत त्यावरून समजते. पुरोहिताच्या परवानगीवाचून भाषण केले तर तीस द्राखमा दंड. गोंगाट नको, प्रत्येकाने ठरलेला भाग शांतपणे पार पाडायचा. सुव्यवस्था राखायला एक खास अधिकारी, त्याच्या हाती देवाची काठी. ती काठी ज्याच्याजवळ ठेवली जाईल त्याने सभागृहाबाहेर जायचे. ऐकले नाही तर दांडगे लोक नेमलेले होतेच.

पौलाकडे दंड नाही, काठी नाही, दांडगे नाहीत, बसण्याचा क्रमही नाही. त्याची सगळी व्यवस्था एका गृहीतावर उभी आहे, आणि ते ३२ व्या वचनात आहे: संदेश देणाऱ्याचा आत्मा त्याच्या स्वाधीन असतो. म्हणजे 'मला आतून इतके आले की आवरेना' ही सबब चालणार नाही. आत्म्याने बोलणाऱ्याला थांबता येते. जो थांबू शकत नाही त्याने प्रेरणेची ढाल पुढे करू नये. हे वचन काढून टाकले तर बाकीचे सगळे नियम कोसळतात, कारण बाहेरून थांबवणारा कोणी नेमलेलाच नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. करिंथच्या प्रकरणात सुव्यवस्थेचा भार बोलणाऱ्यावर टाकला आहे, गप्प असलेल्यावर नाही. आपल्या सभांत तो नेमका उलटा पडतो. मोकळ्या प्रार्थनेची वेळ घ्या. आधी एक अनुभवी गृहस्थ उठतात आणि उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत फिरून येतात. दुसरे उठतात ते पहिल्यांनी राहून गेलेले पुरे करतात. मग संचालक घड्याळाकडे पाहून म्हणतात, आता वेळ कमी आहे, कोणी थोडक्यात करील का? ज्यांना दोनच वाक्ये म्हणायची होती, ते आता तीही म्हणत नाहीत. शिस्त पाळली गेली, आणि ती पाळायला लावली कोणाला, तर जे अजून बोललेच नव्हते त्यांना.

साक्षीच्या वेळी, अभ्यासवर्गात, मंडळीच्या वार्षिक सभेतसुद्धा हेच. 'सर्वांना संधी आहे' असे जाहीर करून संधी मिळत नसते. उभ्याला केव्हा बसायचे हे माहीत असेल तरच ती मिळते.

ऐकणाऱ्याचा भाग

सहभाग म्हणजे माईक हातात येणे, अशी एक समजूत आहे. या प्रकरणात तिला आधार नाही. सोळाव्या वचनात पौल विचारतो, तू कोणाला न समजणाऱ्या शब्दांत उपकारस्तुती केलीस तर शेजारी बसलेल्या साध्या माणसाने आमेन कसे म्हणावे? त्याच्या लेखी ते आमेन खरे असायला हवे, आणि ते म्हणता यावे एवढे तरी समजणे हा ऐकणाऱ्याचा हक्क आहे. मंडळीत मी दहा हजार शब्द अन्य भाषेत बोलण्यापेक्षा पाच शब्द समजून बोलेन, हे त्याचे वाक्य याच संदर्भातले. आणि हा माणूस स्वतः अन्य भाषांत त्या सगळ्यांपेक्षा जास्त बोलत असे. तसे तो लगेच आधीच्या वचनात सांगतो.

पारखीचे कामही ऐकणाऱ्यांचे. संदेश देणारा बोलला म्हणजे विषय मिटला असे नाही. 'देवाने मला सांगितले' या शब्दांनी सुरू होणारे वाक्यसुद्धा तोलायचे. पारख करायची कशी, याचा तपशील मात्र दिलेला नाही. मोठ्याने चर्चा, की मनात? बोलणाऱ्याच्या तोंडावर, की नंतर? प्रकरणातला हा कच्चा दुवा आहे.

दोन अवघड वचने

चौतिसाव्या आणि पस्तिसाव्या वचनांत स्त्रियांनी मंडळ्यांत गप्प राहावे, काही विचारायचे असेल तर घरी नवऱ्याला विचारावे, असे आहे. या दोन वचनांवर मंडळ्या फुटल्या आहेत, तेव्हा ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. पण इथे जितके हवे तितकेच.

तीन गोष्टी निश्चित सांगता येतात. एक, याच पत्राच्या ११ व्या अध्यायात पौल प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रीबद्दल बोलतो, ती बोलते हे धरूनच चालतो, आणि फक्त डोक्यावरच्या आच्छादनाचा प्रश्न घेतो. दोन, काही जुन्या हस्तलिखितांत, विशेषतः पाश्चात्त्य परंपरेतल्या, ही दोन वचने ४० व्या वचनानंतर येतात. तीन, ती सर्वस्वी गाळलेले एकही हस्तलिखित नाही. पहिल्या दोन गोष्टींवरून गॉर्डन फी यांच्यासारखे भाष्यकार ही वचने मागाहून समासातून आत आली असे म्हणतात. तिसरीवरून दुसरे म्हणतात की ती पौलाचीच आहेत, पण रोख सरसकट बोलण्यावर नसून पारखीच्या वेळी मधे प्रश्न विचारण्यावर आहे. आणि शब्दशः घेणारेही आहेत. माझा कल कुठे हे लपवण्यात अर्थ नाही. ११ वा अध्याय ज्याने लिहिला त्याने १४ व्यात सर्व स्त्रियांना कायमचे गप्प बसवले असे मला वाटत नाही. सेविका म्हणून रोमच्या मंडळीकडे ज्या फिबीची तो शिफारस करतो, ती करिंथच्याच बंदराची, किंख्रियाची.

गप्प राहण्याची सूचना या अध्यायात तीनदा येते: अर्थ सांगणारा नसलेल्या वक्त्याला, उभा असलेल्या संदेश देणाऱ्याला, आणि इथे. पहिल्या दोन सूचना पाळा म्हणून आग्रह धरणारी मंडळी मला फारशी भेटलेली नाही.

काय सुटले

सबंध १४ व्या अध्यायात पाळक, वडील (मंडळीचे ज्येष्ठ पुढारी), अध्यक्ष असा कोणीही नाही. पौल नियम लिहितो ते सगळ्यांना उद्देशून. यजमान गायसलाही 'तू लक्ष दे' म्हणत नाही. पत्राच्या शेवटी स्तेफनाच्या घराण्यासारख्या राबणाऱ्यांच्या अधीन असा, एवढे येते. ते सेवेबद्दलचे आहे, सभा चालवण्याबद्दलचे नाही.

हे बळ की उणीव? दोन्ही. सगळ्यांची जबाबदारी म्हटल्यावर कोणी बाहेरच्या काठीवर विसंबून राहत नाही. पण उभ्याने बसायचेच नाकारले तर? बसलेल्याला खरोखर काही प्रकट झाले की त्यालाही मिरवायचे आहे, हे ठरवायचे कोणी? दंडाचा तक्ता नसलेली व्यवस्था भल्या माणसांत उत्तम चालते. करिंथकर एकमेकांना न्यायालयात खेचत होते, हे ६ व्या अध्यायात आहे.

मंडळी वाढली की ३० वे वचन जसेच्या तसे पाळताही येत नाही. तीनशे माणसांत मागच्या रांगेतल्या माणसाची चुळबुळ पुढे दिसत नाही. मग कोणीतरी नेमावे लागते. जो नेमला त्याचे काम बोलण्याचे नसून पाहण्याचे आहे, एवढे जरी मंडळीने ठरवले तरी पुष्कळ फरक पडेल. प्रत्यक्षात बहुधा ज्याला नेमतात तोच जास्त बोलतो.

पुढे काय झाले

लगेच काही सुधारले नाही. दुसऱ्या पत्रावरून दिसते की मधे एक दुःखदायक भेट झाली, अश्रू ढाळत लिहिलेले एक पत्र गेले, आणि तरीही पौलाला धास्ती होतीच की पुन्हा आलो तर भांडणे, तट आणि अव्यवस्था पाहावी लागेल.

इतर ठिकाणी काय झाले याचे तुकडे मिळतात. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिलेल्या 'दिदाखे' या पुस्तिकेत संदेष्ट्यांना हवी तितकी उपकारस्तुती करू द्या असे म्हटले आहे. आत्म्याने बोलत असताना त्यांची परीक्षा करायची नाही. पाहायचे ते त्यांचे वागणे. आत्म्याच्या नावाने पान मांडायला सांगून स्वतःच जेवायला बसला, तर तो खोटा. पौलाने बोलणे तोलायला सांगितले होते. इथे बोलणाऱ्याला तोलले आहे. इ.स. १५० च्या सुमारास जस्टिन हा ख्रिस्ती लेखक रोममध्ये रविवारच्या सभेचे वर्णन करतो: वाचन, मग अध्यक्षाचा उपदेश, मग सगळ्यांनी उभे राहून प्रार्थना, अध्यक्षाची उपकारस्तुती, लोकांचे आमेन. क्रम नीट बसला आहे, आणि लोकांचा आवाज प्रार्थनेत आणि आमेनमध्ये उरला आहे. पण १९७ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत तर्तुल्लियन हा दुसरा ख्रिस्ती लेखक सांगतो की प्रीतिभोजनानंतर हात धुऊन, दिवे लावून, एकेकाला पुढे बोलावतात आणि शास्त्रातले किंवा स्वतः रचलेले गीत म्हणायला लावतात. त्यावरून तो किती प्यायला आहे हेही कळते, असे तो वर म्हणतो. करिंथचे दोन्ही आजार एकाच चाचणीत.

आणि खुद्द करिंथ? चाळीसेक वर्षांनी, इ.स. ९६ च्या सुमारास, रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला एक लांबलचक पत्र लिहिले. ते रोमच्या मंडळीतला पुढारी क्लेमेंत याचे पत्र म्हणून ओळखले जाते. काही थोड्या लोकांच्या चिथावणीने करिंथकरांनी आपल्या निष्कलंक वडिलांना पदावरून काढून टाकले होते. पौलाचे पत्र हातात घ्या आणि वाचा, असे रोमकर त्यांना बजावतात. सूर मात्र बदलला आहे. शरीराच्या अवयवांचा दाखला आहे, पण त्याआधी सैन्याचा आहे: सगळेच सेनापती नसतात, प्रत्येक जण आपापल्या दर्जाने हुकूम पाळतो. मुख्य याजकाची सेवा वेगळी, याजकांची वेगळी, लेव्यांची, म्हणजे मंदिरातल्या मदतनिसांची, वेगळी, आणि साध्या माणसाला साध्या माणसाचे नियम. पौलाने टाळलेला बसण्याचा क्रम इथे परत आला. त्यांना दोष देणे सोपे आहे. चाळीस वर्षे तीच भांडणे ऐकल्यावर काठी कोणालाही हवीशी वाटेल.

तरी त्याच पत्राच्या ५४ व्या अध्यायात एक जागा अशी आहे, जिथे जुने ३० वे वचन पुन्हा ऐकू येते. तुमच्यात थोर मनाचा कोण आहे, असे विचारून ते लिहितात, त्याने म्हणावे: माझ्यामुळे बखेडा होत असेल तर मी निघून जातो, तुम्ही म्हणाल तिकडे जातो, फक्त मंडळी शांत राहू द्या. हे बंड करणाऱ्यांना उद्देशून आहे. काढलेल्या वडिलांनाही असेच सांगावे, असे रोमकरांना वाटले नाही.

बंडखोरांपैकी कोणी गेले का, वडील परत पदावर आले का, हे कोणी नोंदवलेले नाही. इ.स. १७० च्या सुमारास करिंथचा बिशप दियोनिसियस याने रोमला लिहिलेल्या पत्राचा तुकडा युसेबियसने लिहिलेल्या मंडळीच्या इतिहासात जपला गेला आहे. त्यात तो कळवतो की क्लेमेंतने लिहिलेले ते पत्र आमच्या सभेत प्रभूच्या दिवशी अजून वाचले जाते.